मणक्याचे ऑपरेशन : भीतीही नको, घाईही नको



या सदराकडे आलेल्या पत्रांतून एका भगिनीचे पत्र या आठवड्यात मुद्दाम निवडले आहे. नाव-गाव देत नाही. ती लिहिते :

"माझे मिस्टर धान्याच्या बाजारात हमाली करतात. वय एकेचाळीस. पाच आठवड्यांपूर्वी पोते उचलताना कमरेत कळ भरली. आता कमरेपेक्षा उजवा पायच जास्त दुखतो. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत करंट बसल्यासारखे होते. एमआरआय काढला. डॉक्टर म्हणाले, गादी सरकून नस दबली आहे, ऑपरेशन करून टाका. सासूबाई म्हणतात, मणक्याला हत्यार लागले की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो, त्यापेक्षा गावाकडच्या मालीशवाल्याला दाखवा. शेजारी एकाने ऑपरेशन केले तो ठणठणीत आहे, दुसऱ्याने केले तो वर्षभर घरी बसून आहे. आमच्यात कमावते हे एकटेच. मुलगी दहावीला आहे. आम्ही कोणाचे ऐकावे?"

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपण विहारात अनेकदा ऐकला आहे. ऐकीव आहे म्हणून, जुने आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानायची नाही. तिच्यात हित आहे की अहित हे स्वतः पारखायचे. हा उपदेश दवाखान्याच्या दारातही तितकाच उपयोगी आहे. सासूबाईंचे जसेच्या तसे मानू नका, शेजाऱ्याचे मानू नका, आणि डॉक्टरांनाही "का?" असे विचारल्याशिवाय मान डोलावू नका. विचारणे म्हणजे अपमान करणे नव्हे.

नेमके झाले आहे काय?

आपल्या पाठीच्या दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. तिचे बाहेरचे आवरण चिवट आणि आतला गर मऊ असतो. वर्षानुवर्षे ओझे उचलून आवरण झिजते आणि एखाद्या दिवशी गर बाहेर येतो. शेजारून पायाकडे जाणारी नस त्याखाली दबते व सुजते, म्हणून दुखणे कमरेत सुरू होऊन पायात उतरते. लोक याला सायटिका म्हणतात, कोणी मणक्यात गॅप आला म्हणतात.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बाहेर आलेला हा गर पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते आणि नसेची सूजही उतरते. म्हणून बहुतेक रोग्यांना सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनाविना आराम पडतो.

एमआरआयच्या कागदावर गादी सरकल्याचे लिहून आले की घरात रडारड सुरू होते. परंतु १९९४ साली अमेरिकेत ज्यांना पाठदुखी मुळीच नव्हती अशा ९८ जणांचा एमआरआय काढला गेला. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक लोकांत कुठे ना कुठे गादी फुगलेली आढळली, आणि शंभरात सत्तावीस या प्रमाणात ती बाहेर आलेलीही दिसली. तेव्हा केवळ फोटोवरून ऑपरेशन ठरत नाही. पाय कुठे दुखतो, बधिरपणा कुठे आहे, ताकद किती आहे, हे डॉक्टरांनी हाताने तपासून ते फोटोशी जुळते की नाही हे पाहावे लागते.

दोन वाटा समोरासमोर ठेवा

ऑपरेशनाचा विचार करताना आपण बहुधा एकच प्रश्न करतो, "धोका आहे का?" धोका दोन्ही वाटांवर असतो. ऑपरेशन केल्यास काय होईल आणि न केल्यास काय होईल, हे दोन्ही शेजारी-शेजारी मांडले पाहिजे.

हॉलंडमधील डॉक्टरांनी असेच मांडून पाहिले आणि २००७ साली ते प्रसिद्ध केले. सहा ते बारा आठवडे पायाचे तीव्र दुखणे सोसलेले २८३ रोगी त्यांनी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाचे ऑपरेशन लवकर करायचे ठरले. दुसऱ्या गटाला औषधे, सल्ला व हालचाल यांवर ठेवले आणि गरज पडली तरच ऑपरेशन करायचे ठरले. वर्ष संपले तेव्हा दोन्ही गटांत शंभरातले पंचाण्णव लोक आपण बरे झालो असे सांगत होते.

मग ऑपरेशनाचा फायदा काहीच नाही काय? आहे. लवकर ऑपरेशन झालेल्या गटातील निम्मे रोगी साधारण चार आठवड्यांत बरे झाले, थांबलेल्या गटाला तेवढ्याचसाठी बारा आठवडे लागले. तसेच थांबलेल्यांपैकी शंभरात एकोणचाळीस जणांना दुखणे न सोसल्याने वर्षभरात ऑपरेशन करून घ्यावे लागले. म्हणजे अशा रोग्याला ऑपरेशनाने मिळतो तो मुख्यतः वेळ. ज्याच्या घरी चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याला दोन महिन्यांची किंमत फार मोठी असते. ती किंमत डॉक्टर ठरवू शकत नाही, ती रोग्याने व त्याच्या घराने ठरवायची आहे.

आता धोक्यांकडे पाहू. कमरेच्या गादीच्या ऑपरेशनात जखम पिकू शकते. नसांभोवतीच्या पातळ पिशवीला छिद्र पडून पाणी झिरपू शकते. क्वचित नसेला इजा होते. शंभरातल्या पाच-दहा जणांची, काही ठिकाणी त्याहून थोड्या अधिकांची गादी पुन्हा बाहेर येते. बिडी-तंबाखू ओढणाऱ्याची आणि ताब्यात नसलेल्या मधुमेहाच्या रोग्याची जखम भरायला त्रास होतो. पायाच्या कळेला या ऑपरेशनाने जितका गुण येतो तितका नुसत्या कमरेच्या दुखण्याला येत नाही. हे आधी कळले नाही तर "ऑपरेशन फसले" असे वाटते.

आणि सासूबाईंची भीती? ती अगदी निराधार नाही, पण जागा चुकली आहे. मेंदूतून निघालेला मुख्य दोर, म्हणजे मज्जारज्जू, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली सुट्या नसा असतात. गादी बहुतेकदा त्याच्याही खालच्या मणक्यांत सरकते. म्हणून तेथील साध्या ऑपरेशनात दोन्ही पाय लुळे पडणे फार विरळा आहे. मानेच्या किंवा पाठीच्या मधल्या भागात मात्र मुख्य दोरच हाताशी असतो, तेथे धोक्याचे मोजमाप वेगळे. "मणक्याचे ऑपरेशन" हा एकच शब्द असला तरी जागेप्रमाणे त्याचा अर्थ बदलतो. नुसती गादी काढणे आणि स्क्रू-पट्ट्या घालून मणके जोडणे यांतही मोठा फरक आहे. स्क्रू सांगितले असतील तर ते का लागतात, हे अवश्य विचारा.

येथे थांबणे म्हणजे घात

वरचे वाचून कोणी "थांबले की सगळे बरे होते" असा अर्थ काढू नये. पुढीलपैकी काही दिसले तर त्याच दिवशी, त्याच रात्री मोठे इस्पितळ गाठावे :

लघवी अडणे किंवा नकळत होणे, संडासवरचा ताबा जाणे.

बसण्याच्या जागेला, लघवी-संडासच्या भागाभोवती बधिरपणा येणे.

दोन्ही पायांतली ताकद जाणे. किंवा पाऊल वर उचलता न येणे, चालताना चप्पल पायातून निसटणे आणि हे वाढत जाणे.

अशा वेळी एकेक तास मोलाचा असतो. लघवीच्या नसा फार काळ दबून राहिल्या तर पुढे ऑपरेशन करूनही त्या पुरत्या परत येत नाहीत. आमच्या भगिनी आणि बांधवही लघवीची गोष्ट सांगायला लाजतात. ही लाज माणसाला जन्माचे अपंगत्व देते.

दुसरी गोष्ट. रात्रीही न थांबणारी पाठदुखी, बारीक ताप, वजन घटणे अशी लक्षणे असतील तर ती गादी नसून मणक्याचा क्षय असू शकतो. दाटीच्या वस्त्यांत राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे विसरू नये. अशा मणक्यावर मालीशवाल्याचा गुडघा पडला तर झिजलेले हाड बसून जाईल. क्षयाची औषधे सरकारकडून मोफत मिळतात, पण ती महिनोन्‌महिने, एकही दिवस न चुकवता घ्यावी लागतात.

या क्षयाबाबत एक हकिगत सांगण्यासारखी आहे. एके काळी काही डॉक्टर मणक्याच्या क्षयाच्या प्रत्येक रोग्यावर शस्त्रक्रिया करावी म्हणत, तर काही नुसत्या औषधांवर भर देत. वाराणसीच्या बनारस हिंदू विश्वविद्यालयातील डॉ. एस. एम. तुली यांनी औषधे सर्वांना आणि शस्त्रक्रिया गरज असेल त्यालाच, अशी रीत ठेवली. औषधे घेऊनही पायांची ताकद परत न येणारे, आजार आटोक्यात न येणारे, अशांनाच त्यांनी टेबलावर घेतले. १९७५ साली त्यांनी आपले अनुभव जगापुढे मांडले आणि त्या रीतीला नाव दिले "मध्यम मार्ग". ज्या सारनाथला तथागतांनी मध्यम मार्ग सांगितला ते वाराणसीला लागूनच आहे. दोन्ही टोके टाळून, समोरच्या माणसाची अवस्था पाहून ठरवायचे, हे शास्त्रालाही मान्य झाले आहे.

डोक्याचे ऑपरेशन

काही घरांत हा प्रश्न अचानक येतो. कोणी परांचीवरून पडतो, कोणाला मोटरसायकलचा अपघात होतो. कवटीच्या आत रक्त साठून मेंदू दबू लागला तर विचाराला तासही मिळत नाही. तेव्हा पैसे जमवत बसू नये, जवळ मेंदूचा सर्जन असेल तेथे न्यावे.

परंतु येथेही खरे बोलणे आवश्यक आहे. डोक्याला जबर मार लागून आतला दाब औषधांनी उतरत नसेल तर कवटीचे हाड काढून मेंदूला जागा करून देतात. अशा ४०८ रोग्यांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा नुसत्या औषधोपचारावर शंभरातले ४९ दगावले होते, हे ऑपरेशन झालेल्यांत २७. म्हणजे जीव वाचले. पण ज्यांना भान कधी आलेच नाही असे लोक औषधांच्या गटात शंभरात दोन होते, ऑपरेशनाच्या गटात आठ-नऊ. वाचलेल्यांपैकी अनेकांना रोजच्या कामांसाठी दुसऱ्याचा आधार लागत होता. म्हणून डॉक्टरांना "वाचतील ना?" एवढेच विचारून थांबू नका. "वाचले तर कसे असतील? बोलतील का, चालतील का, घरच्यांना ओळखतील का?" हेही विचारा. उत्तर कठीण असले तरी घराला ते कळले पाहिजे.

याउलट एक आजार असा आहे की त्यात ऑपरेशनाची भीती बाळगून आपण हाती आलेला माणूस गमावतो. वृद्ध मंडळी मोरीत घसरतात, डोके आपटते, जखमही दिसत नाही. तीन-चार आठवड्यांनी ती विसरू लागतात, झोपाळू होतात, एक पाय ओढतात. घरचे म्हणतात, म्हातारचळ लागला. पुष्कळदा मेंदूवर हळूहळू पातळ रक्त साठलेले असते. कवटीला लहान छिद्रे पाडून ते काढले तर बरेच जण पुन्हा पूर्वीसारखे बोलू-चालू लागतात. ते रक्त पुन्हा साठण्याचा धोका असतो. इंग्लंडमधल्या २००९ च्या अभ्यासात आत काही काळ नळी ठेवल्याने तो धोका शंभरात २४ वरून ९ वर आला. आजी-आजोबा अचानक बदलले तर देवऋषाकडे अंगारा मागायला जाऊ नका, डोक्याचा स्कॅन करा.

जीवकाने काय केले?

कचऱ्याच्या ढिगावर टाकून दिलेले एक मूल तक्षशिलेला सात वर्षे शिकले आणि पुढे बुद्धांचा व भिक्खुसंघाचा वैद्य झाले, ती जीवकाची कथा आपल्याला माहीत आहे. विनयपिटकात त्याची एक हकिगत आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीचे डोके सात वर्षे दुखत होते. वैद्यांनी हात टेकले होते, कोणी पाच दिवसांत मरेल म्हणत, कोणी सात. जीवकाने त्याला आधी विचारले की, एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि पाठीवर सात महिने पडून राहशील काय? त्याने होकार दिल्यावरच जीवकाने त्याचे डोके उघडले, आतून दोन किडे काढले, लोकांना दाखवले, टाके घालून लेप लावला. प्रत्यक्षात तो सात-सात दिवसांतच बरा झाला.

डोक्यातल्या किड्यांचे आजच्या शास्त्राने काय ते ठरवावे. आपण घ्यायचा बोध एवढाच की, जीवकाने पुढचा त्रास कमी करून सांगितला नाही, उलट वाढवून सांगितला, आणि रोग्याचा होकार आधी घेतला. राजाच्या नगरातल्या श्रीमंत श्रेष्ठीला जे विचारले गेले ते आजच्या हमालालाही विचारले गेले पाहिजे. "येथे अंगठा करा" एवढ्यावर भागवता कामा नये.

आणि हा काही उपकार नाही. आजार व उपचार यांचे स्वरूप, फायदे, मोठे धोके, दुसरे उपाय आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम रोग्याला सांगूनच संमती घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे. त्याआधी १९९६ साली पश्चिम बंगालच्या एका शेतमजुराचा निकाल लागला. तो आगगाडीतून पडला होता, मेंदूत रक्तस्राव झाला होता, आणि एकामागून एक सरकारी इस्पितळांनी त्याला जागा नाही म्हणून परत पाठवले होते. न्यायालयाने सांगितले की, तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याचा हक्क मोडणे होय. बाबासाहेबांनी लिहिलेली घटना अशी इस्पितळाच्या दारापर्यंत आपल्यासोबत येते. तिचा आधार घ्यायला शिकले पाहिजे.

कागदावर लिहून न्या

ताई, तुमची मुलगी दहावीला आहे. तिला सोबत न्या. पुढील प्रश्न तिने वहीत लिहावेत आणि डॉक्टर सांगतील ते उतरवून घ्यावे :

१. ऑपरेशन कशासाठी आहे? पायाची कळ थांबवायला, ताकद वाचवायला, की कमरेसाठी?

२. आज न करता सहा आठवडे थांबलो तर काय बिघडेल?

३. यांच्यासारख्या शंभर रोग्यांत किती जणांना गुण येतो, कितींना त्रास राहतो? तुमच्या हातच्या रोग्यांचा अनुभव काय?

४. किती दिवसांनी चालता येईल, आणि ओझे कधी उचलता येईल? उचलता येईल की नाही?

५. एकूण खर्च किती, आणि पुन्हा ऑपरेशन लागले तर?

हे झाल्यावर फोटो व केसपेपर घेऊन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही.

खर्चासाठी दागिना मोडण्यापूर्वी चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या व मणक्याच्या अनेक शस्त्रक्रिया आहेत. २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. तुमची शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे रेशनकार्ड दाखवून इस्पितळातील आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय इस्पितळांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मिस्टरांची नोंद माथाडी मंडळात असेल तर तेथे विचारा. कारखान्यातल्या बांधवांना कामगार विमा आहे. त्या विम्याची योजना आखण्यासाठी १९४३ साली अडारकरांची नेमणूक झाली तेव्हा बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि १९४८ साली तो कायदा झाला. हा आपल्या हक्काचा पैसा आहे.

ताईंना उत्तर

ताई, मिस्टरांना तपासल्याशिवाय कोणीही पत्रातून करा किंवा करू नका सांगू शकत नाही. पण तुम्ही लिहिले त्यात लघवीचा त्रास नाही, पाय लुळा पडल्याचे नाही. ताकद शाबूत आहे असे डॉक्टरांनी तपासून सांगितले तर तुमच्या हाती वेळ आहे. हॉलंडमधले रोगी सहा आठवडे थांबल्यावरच ऑपरेशनाच्या प्रश्नापर्यंत आले होते. तुमच्या मिस्टरांना पाचच झाले आहेत. या काळात ओझे पूर्ण बंद ठेवा, पण अंथरुणात दिवसेंदिवस पडून राहू देऊ नका. सोसेल तेवढे चालू द्या, औषधे डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे द्या, बिडी सोडवा. मुकादमाशी बोलून तोलाईचे किंवा मोजणीचे हलके काम मिळते का पाहा. वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा दोघांनी पाठ करा.

बारा आठवड्यांतही कळ हटली नाही, किंवा त्याआधीच ती असह्य झाली, तर समजून-उमजून ऑपरेशन करून घेणे हाही शहाणपणाचा निर्णय आहे. त्यात हार नाही. सासूबाईंना रागावू नका. त्यांच्या मुलावर त्यांचा जीव आहे, म्हणून त्या घाबरतात. मुलीने लिहिलेली वही त्यांना वाचून दाखवा.

आणि बाजारातल्या बांधवांना एक विनंती. पोत्याचे वजन कमी व्हावे म्हणून पुण्याच्या हमाल पंचायतीसारख्या संघटनांनी लढे दिले. आपल्या बाजारात जादा वजनाचे पोते आले तर एकट्याने निमूटपणे पाठीवर घेऊ नका, संघटनेने मिळून नकार द्या. त्या एका नकाराने कितीतरी पाठी वाचतील.

नमो बुद्धाय. जयभीम!